स्टीलच्या भावफरकाचे १ कोटी ९० लाख मार्चमध्ये धरायचे का? एसएमईवरून मेन बोर्डवर जाताना पडलेला प्रश्न

चाकणची_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, आधीच सांगते.

मी चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत अकाउंट्स बघते. सतरा वर्षं झाली. सीए इंटरला दोनदा आपटले, मग एमकॉम केलं आणि इथेच रुजले. आमच्याकडे प्रेसचे पार्ट बनतात. दोन मोठे गाडीवाले आणि तीन-चार टिअर वन (गाडीवाल्यांना थेट माल देणारे), एवढेच कस्टमर. उलाढाल १८६ कोटी. चार वर्षांपूर्वी एसएमई प्लॅटफॉर्मवर, म्हणजे शेअर बाजाराच्या छोट्या कंपन्यांच्या विभागात, आयपीओ आला. आता मालकांना मेन बोर्डवर, म्हणजे मुख्य बाजारात, जायचे वेध लागलेत.

जानेवारीत स्टील वाढलं. रिवाजाप्रमाणे आम्ही मोठ्या कस्टमरला पत्र दिलं आणि १ जानेवारीपासूनचा भावफरक मागितला. जानेवारी ते मार्चच्या मालावर हिशेब बसतो १ कोटी ९० लाखांचा. त्यांच्या परचेसचे साहेब फोनवर "हो हो, देतो, फाइल वर गेलीय" म्हणतात. पीओची (परचेस ऑर्डरची) अमेंडमेंट, म्हणजे नव्या भावाचा लेखी कागद, मात्र आलेली नाही. ती आल्याशिवाय सप्लिमेंटरी बिल फाडता येत नाही, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको.

पूर्वी अशा वेळी आम्ही काय करायचो? खरं सांगू, मालकांच्या मूडवर होतं. वर्ष चांगलं गेलं असेल तर "येईल तेव्हा बघू", टॅक्स तेवढाच पुढच्या वर्षावर. वर्ष पडलं असेल तर धरून टाकायचं, बँकेला बरं दिसतं. प्रायव्हेट लिमिटेड होतो तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

यंदा टॅक्सच्या आधीचा नफा १२ कोटी १० लाख आहे. गेल्या वर्षी १२ कोटी ९० लाख होता. भावफरक धरला की बरोब्बर १४ कोटी होतात, म्हणजे घट जाऊन वाढ दिसते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला: "ताई, वाढ दिसली पाहिजे. कसं ते तुम्ही बघा." त्याच दिवशी मी तीन वेगवेगळ्या नफ्याचं एक्सेल करून सगळ्यांना मेल केलं, सवयीने.

सहा महिन्यांपूर्वी मुंबईहून नवे सीएफओ आलेत. मुलगा चांगला आहे, वयाने माझ्याहून लहान. तो म्हणाला, "मॅडम, हे धरलं तर मी सर्टिफिकेटवर सही करणार नाही." मी म्हटलं, अरे, स्टील तेच, कस्टमर तोच, अकाउंटिंग स्टँडर्ड तेच. शेअर बाजारात नाव लागलं म्हणून एन्ट्री का बदलावी? त्याने इंग्रजीत बरंच सांगितलं. मला पटलं नाही, किंवा कळलं नाही असं म्हणा.

दुसरा प्रश्न. बोर्ड मीटिंग ८ मेला ठरत होती. मालक म्हणतात २९ मेला घ्या, तोवर अमेंडमेंट येईलच. हे चालतं का?

---

टॅली_ते_सॅप

पीओ नाही तर पैसा नाही. विषय संपला. ऑटोवाल्यांच्या परचेसचा "हो" म्हणजे पावसाळ्यातलं ऊन.

---

कोथरूडचा_जुना_ऑडिटर

ताई, प्रश्न लाख मोलाचा आहे. वरच्या मित्राचं उत्तर निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं मी लिहितो. चौतीस वर्षं प्रॅक्टिस केली, आता फक्त नातवाची गणितं तपासतो, त्यामुळे वेळ भरपूर आहे.

आधी स्टँडर्ड. तुम्ही अजून एसएमईवर आहात, म्हणजे तुम्हाला जुनेच एएस (अकाउंटिंग स्टँडर्ड) लागू आहेत, नवे आंतरराष्ट्रीय धर्तीचे इंड एएस नाहीत. उत्पन्न कधी धरायचं ते सांगणारं एएस ९ काढून बघा. भाववाढीचा दावा, निर्यातीचं प्रोत्साहन, व्याज अशा गोष्टींची नावं घेऊन तिथे लिहिलंय, की दावा करताना वसुलीचा नीट अंदाज येत नसेल तर उत्पन्न पुढे ढकलावं. म्हणजे तुमचं प्रकरण पुस्तकात जवळजवळ नावानिशी आहे. तेव्हा "स्टँडर्ड तेच" हे तुमचं म्हणणं अगदी खरं, फक्त ते आधीपासूनच पाळायला हवं होतं. मूडवर धरणं प्रायव्हेट असतानाही चूकच होतं. तुमच्या तेव्हाच्या ऑडिटरनेही चालवून घेतलं, म्हणून चाललं. मीही कितीदा चालवून घेतलंय.

मेन बोर्डवर गेलात की इंड एएस ११५ येईल. तिथली भाषा वेगळी आहे. पुरवठा ठरलाय पण भाव ठरायचाय, अशा वेळी भावाचा अंदाज करायला ते सांगतं, नुसतं थांबायला नाही. अट एकच, पण जबर आहे: जेवढी रक्कम धराल ती पुढे मोठ्या प्रमाणात उलटवावी लागणार नाही, याची दाट शक्यता हवी. तोंडी संमती आणि धंद्यातला रिवाज यांनाही तिथे किंमत आहे. म्हणून "पीओ नाही तर काही नाही" हे तिथे आपोआप लागू होत नाही. तुमचा मागचा इतिहास काढावा लागेल: किती मागितले, किती मिळाले, किती महिन्यांनी मिळाले. हे काम आजच करा, पुढे लागणारच आहे.

आता मूळ प्रश्न. सेबीचा कायदा तुम्हाला डेबिट काय आणि क्रेडिट काय ते सांगत नाही. तो तीन गोष्टी बदलतो: तुमचा आकडा कोण वाचतं, कधी वाचतं, आणि त्याखाली सही कुणाची असते.

पूर्वी तुमचा ताळेबंद बँक मॅनेजर आणि आयकरवाले वाचायचे. भोसरीत माझा एक क्लायंट होता, नाव नको. वीस वर्षं त्याचं ऑडिट करताना माझं काम म्हणजे त्याने दडवलेला नफा शोधणं. स्टॉक कमी दाखवायचा, खर्च चढवायचा, मार्चचा डिस्पॅच एप्रिलमध्ये टाकायचा. मग तो लिस्ट झाला. पुढच्याच मार्चमध्ये मी गेटवर जाऊन बघतो तर ३१ तारखेच्या रात्री अकरा वाजता नऊ ट्रक भरून उभे, बिलं फाडलेली, ई-वे बिल काढलेली, आणि ट्रक कंपाउंडच्या आतच! माणूस तोच, मशिन्स तीच. आधी मी झालेला नफा शोधायचो, आता न झालेला शोधायला लागलो. कायद्यातल्या एकाही कलमाने त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. पण त्याचा शेअर रोज सकाळी सव्वानऊला बोलायला लागला होता, आणि तो ऐकत होता.

या ओढीला बांध म्हणून दुसऱ्या बाजूने सह्या येतात. लिस्टिंग रेग्युलेशन्सच्या ३३व्या नियमाखाली निकाल बोर्डापुढे ठेवताना सीईओ आणि सीएफओ लिहून देतात, की यात खोटं किंवा दिशाभूल करणारं काही नाही. तुमचा तो मुलगा याच सहीबद्दल बोलत होता. आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सेबीने फसव्या व्यवहारांच्या नियमांत एक स्पष्टीकरण घातलं: लिस्टेड कंपनीचा पैसा वळवणं, ते झाकणं, किंवा शेअरचा भाव हलेल अशी हिशेबाची वह्या-पुस्तकं फिरवणं, हा बाजारातला घोटाळाच मानला जाईल, आणि तो नेहमीच तसा होता असं समजलं जाईल. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. अशा घोटाळ्याचा दंड कमीत कमी ५ लाख, जास्तीत जास्त २५ कोटी किंवा मिळवलेल्या नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त ते.

तुमच्या १ कोटी ९० लाखांना मी घोटाळा म्हणत नाही. पण उद्या कुणी विचारलं की ही एन्ट्री का केली, तर फाइलमध्ये काय सापडेल? कस्टमरचं पत्र नाही, इतिहासाचा तक्ता नाही. सापडेल तो मालकांचा मेसेज: वाढ दिसली पाहिजे. आकडा तोच असला तरी हेतू लिहून ठेवलेला आहे, ताई.

सत्यमचं उदाहरण द्यायला नको इतकं घासलं गेलंय, तरी देतो. ७ जानेवारी २००९. मी त्याच भोसरीच्या क्लायंटकडे स्टॉक बघत होतो, कुणीतरी धावत येऊन टीव्ही लावला. सत्यमच्या रामलिंग राजूंच्या कबुलीपत्रात सगळ्यांना आठवतो तो ५,०४० कोटींचा नसलेला बँक बॅलन्स. मला आठवतो तो एका तिमाहीचा आकडा. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ऑपरेटिंग मार्जिन दाखवलं होतं ६४९ कोटी, विक्रीच्या २४ टक्के. खरं होतं ६१ कोटी, म्हणजे ३ टक्के. आणि पत्रात लिहिलं होतं, की सुरुवात खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातल्या किरकोळ फरकाने झाली. मी त्या दिवशी चहा न पिता घरी आलो.

बोर्ड मीटिंगच्या तारखेवर कंपनी सेक्रेटरी मंडळींनी लिहावं. हिशेबापुरतं सांगतो. बोर्डाने ताळेबंद मंजूर करेपर्यंत ३१ मार्चच्या परिस्थितीवर नवा पुरावा आला, तर एएस ४ प्रमाणे तो मार्चच्या आकड्यातच घ्यावा लागतो. अमेंडमेंट १८ मेला आली आणि मीटिंग २९ला असली तर ती रक्कम मार्चची. मीटिंग ८ला होऊन गेली असेल तर पुढच्या वर्षाची. म्हणजे मीटिंगची तारीख ठरवणं हाही हिशेबाचाच निर्णय झाला की नाही? हे मला स्वतःला प्रॅक्टिसच्या दहाव्या वर्षी उमगलं.

---

सीएस_मुग्धा

सरांनी चेंडू इकडे टोलवलाय, तर घेते.

ताई, वर्षाचे ऑडिटेड निकाल ६० दिवसांत द्यायचे, म्हणजे ३० मेपर्यंत. २९ मे कायद्यात बसते. ३० मे चुकली तर दिवसाला ५,००० रुपये दंड सुरू. पण ८ मेच्या मीटिंगची सूचना एक्स्चेंजला गेली आहे का, ते आधी बघा. गेली नसेल तर प्रश्न नाही. गेली असेल आणि आता तारीख हलवलीत, तर दुसरी सूचना जाईल, आणि लोक विचारतील की झालं काय. तारीख पुढे घ्यायचीच असेल तर ऑडिट कमिटीच्या मिनिट्समध्ये कारण लिहा: अमुक कस्टमरच्या भावनिश्चितीची वाट बघतोय. आणि मग ती अमेंडमेंट कमी रकमेची आली, किंवा उलटी आली, तरी तीच घ्यायची. अनुकूल कागदाची वाट बघायची आणि प्रतिकूल कागद ड्रॉवरमध्ये ठेवायचा, असं चालत नाही.

मला जास्त काळजी तुमच्या दुसऱ्या एका ओळीची वाटते. ते तीन नफ्यांचं एक्सेल. कुणाकुणाला मेल केलंत? ते जाहीर न झालेलं, भावावर परिणाम करणारं गुपित आहे. ज्याला ज्याला गेलं त्याचं नाव आणि पॅन स्ट्रक्चर्ड डिजिटल डेटाबेसमध्ये (अशी गुपितं कुणाकुणाकडे गेली त्याच्या कंपनीच्या नोंदीत) पडायला हवं. मार्च संपल्यापासून निकालानंतरच्या ४८ तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे आतल्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कंपनीचे शेअर घ्यायचे-विकायचे नाहीत. २९ मे धरलीत तर ती तीन आठवडे जास्त बंद. आधीच्या एका कंपनीत आमच्या अकाउंट्समधल्या मुलीच्या नवऱ्याने याच काळात शेअर विकले. चाळीस हजारांचे पण नसतील. त्याला काही माहीतही नव्हतं, घराच्या डाउन पेमेंटला पैसे हवे होते. तरी एक्स्चेंजला कळवावं लागलं. ती पोरगी माझ्या केबिनमध्ये बसून रडली होती. आणि व्हॉट्सअ‍ॅप म्हणाल तर २०१७ मध्ये काही बड्या कंपन्यांचे आकडे निकालाआधीच ग्रुपवर फिरले होते, त्याची सेबीने चौकशी केली होती. मालकांना सांगा, असे मेसेज टाइप करायची बोटं आवरा.

जाता जाता: भोसरी-चाकणकडच्या कंपन्यांत एखादा गाळा मालकिणीच्या नावावर असतो आणि कंपनी भाडं देते. तुमच्याकडे असेल तर तेही आत्ताच काढून ठेवा. मेन बोर्डवर ऑडिट कमिटीची आधी मंजुरी लागते, दर सहा महिन्यांनी एक्स्चेंजला कळवावं लागतं, आणि इंड एएस ११६ आला की ते भाडं नुसता खर्च राहत नाही, ताळेबंदात मालमत्ता आणि देणं म्हणून चढतं.

---

चाकणची_हिशेबनीस

मुग्धाताई, गाळा आहे. कसं ओळखलंत! एक्सेल नऊ जणांना गेलंय, त्यात एक स्टोअरवाला आहे कारण स्टॉकचा टॅब त्याच फाइलमध्ये होता. उद्याच आमच्या सेक्रेटरींना सांगते. ८ मेची सूचना अजून गेलेली नाही, देवाची कृपा.

सर, इतिहास काढला. रात्री दहापर्यंत बसले, मुलीने घरून दोनदा फोन केला. मागचे चार दावे असे:

८० लाख मागितले, ५२ मिळाले, पाच महिने लागले.
१ कोटी १० लाख मागितले, ७१ लाख मिळाले, चार महिने.
६० लाख मागितले, ४६ मिळाले, सात महिने.
४५ लाख मागितले, १८ मिळाले, आणि तेही चौदा महिन्यांनी, डायरेक्टर स्वतः जाऊन बसले तेव्हा.

एकदाही पूर्ण मिळालेले नाहीत. सतरा वर्षं मीच या एन्ट्री करते आणि हे मला आज दिसलं. आम्ही प्रत्येक वेळी मागितलेली रक्कमच धरायचो किंवा काहीच धरायचो नाही.

आता एक कबुली. दावे शोधताना त्याच फाइलमध्ये दुसऱ्या कस्टमरची एक मेल सापडली. गेल्या सप्टेंबरात अ‍ॅल्युमिनियम उतरलं म्हणून त्यांनी भाव कमी करून मागितलाय, ऑक्टोबरपासून. डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) आलेली नाही म्हणून आम्ही काहीच केलेलं नाही. माझ्या हिशेबाने ३१ लाख बसतात.

---

कोथरूडचा_जुना_ऑडिटर

वाट बघत होतो या ३१ लाखांची! विचारणारच होतो, पण म्हटलं स्वतः सापडू दे.

वाढ मागताना पत्राच्या तारखेपासून हक्क सांगायचा, आणि घट मागितली की डेबिट नोटची वाट बघायची, ही आपल्या सगळ्या टिअर टूची जुनी खोड. जाणारा पैसा दिसतोय आणि अंदाज करता येतोय तर तरतूद करायची, कागद आला नाही म्हणून थांबायचं नाही. हे ३१ लाख मार्चमध्येच लावा, मीटिंग ८ला असो की २९ला.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा. मेन बोर्डवर गेलात की पहिल्या इंड एएस ताळेबंदात मागच्या वर्षाचे आकडेही नव्या पद्धतीने मांडावे लागतात. मालकांना वाटेल, तेव्हा सगळं एकदा धुऊन काढू. तसं नाही. इंड एएस १०१ सांगतं, की जुन्या पद्धतीत जे अंदाज केले होते तेच ठेवायचे, ते चूक होते असा ठोस पुरावा असेल तरच बदलायचे. नंतर कळलेल्या गोष्टी वापरून मागचा अंदाज सुधारायचा नाही. म्हणजे या मेमध्ये तुम्ही जो आकडा लिहाल तो तुमच्याबरोबर पुढे येणार.

---

एडिसनवाला_जोशी

इकडे न्यू जर्सीत मी पंधरा वर्षं सॉक्सचं काम करतो. सरबेन्स-ऑक्सली, लिस्टेड कंपन्यांच्या हिशेबावरचा इकडचा कायदा, २००२ चा. पायात घालायचे नव्हेत, हा विनोद दर वर्षी कुणीतरी करतोच.

ताईंच्या "घट जाऊन वाढ दिसते" या ओळीवर थांबलो. अमेरिकेच्या एसईसीने (इकडची सेबी) ऑगस्ट १९९९ मध्ये स्टाफ अकाउंटिंग बुलेटिन ९९ काढलं. तोवर सगळे म्हणायचे, ५ टक्क्यांच्या आतली चूक किरकोळ. एसईसीने सांगितलं, नुसता टक्का बघू नका. लहान चुकीने नफ्याचा कल झाकला जातो का, तोट्याचा नफा होतो का, ते बघा. आणि मुद्दाम केलेली लहान चूक किरकोळ नसते. ताईंचे तर टक्केही पंधराच्या वर जातात, त्यामुळे तो वादच नाही.

एक गंमत सांगतो. इथे दर शेअरमागे नफा सेंटमध्ये छापतात, पूर्णांकात. काही संशोधकांनी हजारो कंपन्यांचे नफे सेंटच्या पुढच्या दशांशापर्यंत काढून बघितले, तर त्या जागी ४ हा आकडा असायला हवा त्याहून फार कमी वेळा सापडला. का? १२.४ सेंटचे छापताना १२ होतात, १२.५ चे १३. मग ४ वर आलेला माणूस कुठलीतरी तरतूद चिमूटभर कमी करतो आणि ५ वर जातो. पुढे एसईसीने असेच आकडे चाळून कंपन्या शोधायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२० मध्ये त्यातली पहिली प्रकरणं मिटली. एक होती कार्पेट टाइल बनवणारी इंटरफेस, तिने ५० लाख डॉलर भरले. आरोप मान्य नाहीत, अमान्यही नाहीत, अशी इथली पद्धत. बोनसच्या तरतुदीसारख्या हाताने टाकलेल्या, मागे कागद नसलेल्या एन्ट्री होत्या त्यात.

आमच्या ऑफिसात तेव्हापासून तिमाही बंद होताना शेवटच्या दोन दिवसांतल्या हातच्या एन्ट्री वेगळ्या काढून बघतात. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त ओरडा होतो तो लहान रकमांवर.

---

सातारचा_गुंतवणूकदार

मी अकाउंटंट नाही, पण तुमच्यासारख्यांचेच शेअर घेतो. एसएमईचे निकाल आले की मी नफा शेवटी वाचतो. आधी येणी बघतो, मग इतर चालू मालमत्तेतलं "अनबिल्ड", म्हणजे धरलेलं पण बिल न फाडलेलं उत्पन्न, बघतो. विक्री ५ टक्क्यांनी वाढली आणि अनबिल्ड एकदम पावणेदोन कोटींनी, तर मी विकून मोकळा होतो. मालकांना हेही सांगा. त्यांना वाटतं आम्ही फक्त वरची ओळ वाचतो.

बाकी मेन बोर्डवर जायला पब्लिक शेअरहोल्डरांची विरोधाच्या निदान दुप्पट मतं बाजूने लागतात. त्यात मीही असेन एखादा.

---

टॅली_ते_सॅप

सातारकर, शेअर कुठला ते विचारू नका ताईंना. मुग्धा मॅडम डेटाबेसमध्ये तुमचं नाव टाकतील.

---

चाकणची_हिशेबनीस

जून उजाडला, तुम्हा सगळ्यांना शेवट सांगायचा राहिला होता.

मालकांशी बोलायला सीएफओ आणि मी दोघं गेलो. मी चार दाव्यांचा तक्ता एका पानावर मोठ्या अक्षरात छापून नेला, कारण त्यांना चष्मा सापडत नाही. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "एकदाही पूर्ण दिले नाहीत का यांनी?" मग हिशेबाचं सोडून कस्टमरला दहा मिनिटं शिव्या घातल्या. मेसेजबद्दल सीएफओने सांगितलं, मी खाली बघत बसले.

मीटिंग २९ मेलाच ठरली, कारण मिनिट्समध्ये लिहून. ३१ लाखांची अ‍ॅल्युमिनियमची तरतूद त्याआधीच लावली. मालक म्हणाले, वाढ मागायला पाठवलं होतं आणि घट घेऊन आलात.

अमेंडमेंट १९ मेला आली. १ जानेवारीपासून नाही, १ फेब्रुवारीपासून. भावही मागितला तेवढा नाही. फेब्रुवारी-मार्चच्या मालावर बसले ८४ लाख. ऑडिटरने कागद बघितला, कस्टमरच्या पोर्टलवर स्वतः ताडून बघितला आणि मार्चमध्ये घ्यायला हो म्हणाले. ८४ अधिक, ३१ वजा. नफा १२ कोटी ६३ लाख. गेल्या वर्षीपेक्षा कमीच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी शेअर पडला, तिसऱ्या दिवशी थोडा सावरला, मी त्यानंतर बघितला नाही. सातारकर, तुम्ही होतात का विकणाऱ्यांत?

मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं आता आलं. तर म्हणाले, "ताई, कस्टमरच्या डायचे पैसे आपण एकरकमी विक्रीत धरतो ना, ते तरी बरोबर आहे का?"

डाय, म्हणजे पार्ट बनवायचे साचे, आमच्या शेडमध्ये, मालकी कस्टमरची, पैसे निम्मे आगाऊ आणि निम्मे पार्टच्या भावात नगामागे. बरोबर आहे का, ते मला माहीत नाही. सर, नातवाची परीक्षा संपली असेल तर नवा धागा काढते.